त्या 'माजी बेसबॉलपटू'चं नाव ऑक्टाव्हिओ दोतेल

मा. संपादक,
स.न.वि.वि.

एप्रिल २०२५ मध्ये तुमच्या देश-विदेश पानावर खाली कोपऱ्यात एक बातमी होती. डॉमिनिकन रिपब्लिकची राजधानी सँटो डोमिंगो, तिथे नाइटक्लबचं छत कोसळलं, मृतांचा आकडा वाढतोय, बचावकार्य सुरू आहे, आणि शेवटची ओळ अशी की मृतांत एका माजी बेसबॉलपटूचाही समावेश आहे. बस. नाव नाही, काय खेळायचा ते नाही, कुठे खेळायचा ते नाही. त्या दिवसापासून हे पत्र डोक्यात घोळतंय, दोनदा टाइप करून पुसलं, आता पाठवतोच.

त्या माणसाचं नाव ऑक्टाव्हिओ दोतेल. वय ५१. खरं तर त्या रात्री तिथे दोन माजी खेळाडू गेले, दुसरा टोनी ब्लँको, जो जपानमध्ये बरीच वर्षं खेळला, पण मी दोतेलबद्दल लिहितोय कारण त्याला मी चार वर्षांहून जास्त जवळजवळ रोज ऐकलाय, बघितलाय. अमेरिकेच्या मेजर लीगमध्ये १५ सीझन, १३ टीम. तेव्हाचा तो रेकॉर्ड होता, एवढ्या टीमकडून त्याआधी कोणीच खेळलं नव्हतं. आणि हा माणूस कधीही कुठल्या टीमचा पोस्टरवरचा हीरो नव्हता, तो रिलीफ पिचर होता.

आता रिलीफ पिचर म्हणजे काय ते थोडं सांगतो, कारण आपल्याकडे बेसबॉल म्हणजे सिक्सर मारण्याचा खेळ एवढंच माहीत असतं. पिचर म्हणजे बॉल टाकणारा. मॅच नऊ इनिंगची. सुरुवात करणारा पिचर तो स्टार्टर, तो चार दिवस आराम करून पाचव्या दिवशी येतो, पाच-सहा इनिंग टाकतो, थकतो किंवा मार खायला लागतो. आपल्या क्रिकेटमध्ये कॅप्टन बोलरला काढतो आणि तासाभरानं दुसऱ्या एंडनं परत आणतो, तिथे तसं नाही, पिचरला एकदा बाहेर काढला की त्या मॅचपुरता तो संपला. मग मैदानाच्या कडेला भिंतीपलीकडे एक जागा असते, बुलपेन म्हणतात, तिथे सात-आठ जण बसलेले असतात आणि तिथे एक फोन असतो. तो फोन वाजला की कोच एकाचं नाव घेतो, तो उठतो, जॅकेट काढतो आणि हात गरम करायला बॉल टाकायला लागतो. कधी पाच मिनिटांत मैदानात, कधी वीस-पंचवीस बॉल टाकून झाल्यावर कळतं की आज गरज नाही, बस खाली. ते वीस-पंचवीस बॉल कुठेच मोजले जात नाहीत, खांद्याला आणि कोपराला मात्र ते मोजावेच लागतात.

आणि तो येतो तेव्हा परिस्थिती काय असते, तर बहुतेक वेळा दुसऱ्यानं करून ठेवलेला घोळ निस्तरायचा असतो. बेसवर समोरच्या टीमची दोन माणसं आधीच उभी, ती ह्यानं येऊ दिलेली नाहीत, पण ती घरी पोचली, म्हणजे त्यांचे रन झाले, तर मॅच गेली आणि लोक ह्याच्याच नावानं बोंब मारणार. निस्तरलं तर दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो स्टार्टरचा किंवा होमरन मारणाऱ्याचा.

मी २००० ते २००६ ह्यूस्टनला होतो, सॉफ्टवेअरच्या कॉन्ट्रॅक्टवर. ज्या वर्षी मी गेलो त्याच वर्षी ॲस्ट्रोज टीमचं नवीन स्टेडियम उघडलं आणि त्याच वर्षी दोतेल न्यूयॉर्क मेट्सकडून ट्रेड, म्हणजे खेळाडूंची अदलाबदल, होऊन तिथे आला. मला बेसबॉलमधलं ओ की ठो कळत नव्हतं. रात्री इंडियातल्या टीमबरोबर कॉल असायचे म्हणून ऑफिसात उशीर व्हायचा, आणि खाली लॉबीत रात्रपाळीचे एक गार्ड असायचे, साठीच्या आसपासचे, डॉमिनिकन. टेबलावर छोटा रेडिओ, स्पॅनिश कॉमेंटरी, आवाज अगदी बारीक, समोर चौकटींची वही. त्या चौकटीत ते पेन्सिलीनं स्कोअर लिहायचे. स्ट्राइकआउट, म्हणजे तीन स्ट्राइक पडून बॅटर आउट, झाला की इंग्रजी के अक्षर काढायचे, आणि बॅटरनं बॅट न फिरवताच उभ्या उभ्या आउट झाला तर तोच के उलटा काढायचे, आरशात दिसतो तसा. मला ते उलटे के आधी चूक वाटली होती. मी विचारलं, त्यांनी खुर्ची ओढून दिली, आणि तिथून माझं बेसबॉल सुरू झालं. टीव्हीवाले त्याला डोटेल म्हणायचे, गार्ड दोतेल म्हणायचे, त मऊ. नाव त्यांच्या देशाचं, म्हणून मी त्यांचाच उच्चार धरला आणि तो आजपर्यंत सोडलेला नाही.

पहिल्या वर्षी त्याला काय हवं होतं आणि टीमला काय हवं होतं ह्याची ओढाताण चालली होती. तो स्टार्टर म्हणून आलेला, १६ मॅच त्यानं सुरू केल्या, मग टीमचा मुख्य क्लोजर, म्हणजे शेवटची इनिंग टाकून मॅच संपवणारा, बिली वॅग्नर जखमी झाला आणि दोतेलला शेवटच्या इनिंगला टाकायला लावलं, तिथेही त्यानं १६ सेव्ह केले, म्हणजे हातातली आघाडी शेवटपर्यंत टिकवून मॅच संपवल्या. एकाच सीझनमध्ये दोन वेगवेगळ्या नोकऱ्या. पुढच्या वर्षी अजून ४ मॅच सुरू केल्या आणि त्यानंतर आयुष्यात परत कधी त्यानं मॅच सुरू केली नाही. एकूण ७५८ मॅचमधल्या ३४ सोडल्या तर बाकी सगळ्या फोन वाजल्यावर उठून जायच्या.

२००२ मध्ये तो ८३ मॅचमध्ये टाकायला आला. सीझन १६२ मॅचचा असतो. म्हणजे एप्रिल ते सप्टेंबर निम्म्याहून जास्त मॅच, आणि नुसता हात गरम करून परत बसलेल्या रात्री वेगळ्या. रन देण्याची सरासरी नऊ इनिंगला १.८५. क्रिकेटवाल्यांना कळेल असं सांगायचं तर वर्षभर डेथ ओव्हर टाकून पाचच्या आत इकॉनॉमी ठेवण्यासारखं आहे हे. तरी ह्यूस्टनमध्ये दुकानात गेलात तर टीशर्ट टीमचे स्टार बॅगवेल आणि बिजिओ ह्यांचे, दोतेलचा शोधावा लागायचा.

११ जून २००३ ची रात्र मी विसरणार नाही. न्यूयॉर्कला यांकीजच्या घरच्या मैदानावर मॅच, ॲस्ट्रोजचा स्टार्टर रॉय ओस्वाल्ट एक इनिंग टाकून दुसऱ्यात जखमी होऊन बाहेर. तिथून बुलपेनची रांग लागली, पीटर मन्रो, कर्क सार्लूस, ब्रॅड लिज, आणि यांकीजला एकही हिट मिळेना, म्हणजे बॉल मारून बेसवर पोचता येईना. यांकीजना १९५८ नंतर कोणी नो-हिटर, म्हणजे एकही हिट न देता अख्खी मॅच, टाकलेला नव्हता. मी कॉफी घ्यायला खाली आलो, गार्डच्या वहीत बघितलं, यांकीजच्या बाजूला हिटच्या जागी सगळी शून्यं, मी काहीतरी बोलणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला आणि ओठांवर बोट ठेवलं. नो-हिटर चालू असताना त्याचं नाव काढायचं नाही, दृष्ट लागते, हा तिथला नियम आहे आणि तो सगळे पाळतात. आपल्या घरी मॅच रंगात आली की जागेवरून उठू देत नाहीत ना, तसंच.

आठव्या इनिंगला दोतेल आला. तीन आउटची इनिंग असते, ह्यानं चार स्ट्राइकआउट केले. ते कसं, तर एकाला काढल्यावर सोरियानोला तिसरा स्ट्राइक टाकला पण बॉल कॅचरच्या हाती न लागता मागे गेला, आणि नियम असा की तेव्हा बॅटर पळू शकतो, तो पळाला आणि बेसवर पोचला. म्हणजे स्ट्राइकआउट झाला पण आउट झाला नाही. मग दोतेलनं पुढे डेरेक जीटर आणि जेसन जियांबी ह्यांनाही तसंच पाठवलं. गार्डनी एका खाली एक चार के काढले आणि पेन्सिल खाली ठेवली. नववी इनिंग वॅग्नरनं संपवली, ८-० मॅच, सहा पिचर मिळून नो-हिटर. इतक्या पिचरनी मिळून असं तोपर्यंत कधी झालेलं नव्हतं.

पुढच्या वर्षी वॅग्नरला दुसरीकडे पाठवलं आणि दोतेल क्लोजर झाला, वाटलं आता ह्याचं बस्तान बसलं. जून २००४ मध्ये तीन टीमचा एकत्र सौदा झाला, ह्यूस्टनला कार्लोस बेल्ट्रान मिळाला आणि त्याच्या बदल्यात दोतेल ओकलंडला गेला. दुसऱ्या दिवशी ऑफिसात सगळे खुशीत, बेल्ट्रान आला, बेल्ट्रान आला, आणि खरंच त्यानं त्या वर्षी प्लेऑफमध्ये ८ होमरन मारले, लोकांची खुशी चुकीची नव्हती. खाली लॉबीत मात्र त्या रात्री रेडिओ बंद होता. मी काही विचारलं नाही.

आमच्या कामातही असंच असायचं म्हणून मला ते जरा जास्त लागलं असेल. शुक्रवारी फोन यायचा की सोमवारपासून दुसऱ्या क्लायंटकडे, दुसऱ्या शहरात. एकदा मुलीला बालवाडीत घालून तीनच आठवडे झाले होते, तिची बाईंशी नुकती गट्टी जमली होती, आणि सहा महिन्यांसाठी डॅलसला जा. हिनं काही न बोलता बॅगा भरल्या. मी कंपनीला दोष देत नाही, कॉन्ट्रॅक्टच तसं होतं, पण खेळाडूंचं ट्रेड म्हणजे नुसती पेपरातली यादी नसते हे मला तेव्हापासून कळतं.

पुढच्या वर्षी ओकलंडला त्याचं कोपर गेलं. कोपरातला लिगामेंट तुटतो, मग शरीरात दुसरीकडचा टेंडन (स्नायूची दोरी) काढून तिथे ओवून बसवतात. टॉमी जॉन सर्जरी म्हणतात, ज्या पिचरवर १९७४ मध्ये पहिल्यांदा केली त्याचं नाव. परत टाकायला लागायला वर्षाच्या वर जातं. २००६ मध्ये यांकीजनी त्याला बरं होत असताना घेतलं, त्यांच्याकडून तो जेमतेम खेळला. मीही त्याच वर्षी पुण्याला परत आलो आणि तिथून पुढचा दोतेल मी रात्री इंटरनेटवर बॉक्सस्कोअर, म्हणजे मॅचचं स्कोअरकार्ड, बघून बघून फॉलो केला.

इथून विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर. २००७ कॅन्सस सिटी, त्याच वर्षी मध्येच अटलांटा. २००८ आणि २००९ शिकागो व्हाइट सॉक्स. २०१० मध्ये तर एका सीझनमध्ये तीन टीम, सुरुवात पिट्सबर्गला, ३१ जुलैला ट्रेडच्या शेवटच्या दिवशी लॉस एंजेलिस, सप्टेंबरमध्ये कोलोरॅडो. २०११ टोरोंटो. आपल्याकडे आयपीएलमध्ये ॲरन फिंच ९ टीमकडून खेळला तर आपण किती कौतुकानं ते सांगतो, पण ते वर्षाला एक लिलाव असतो, सीझन संपतो, माणूस घरी जातो. इथे सीझन चालू असताना मॅनेजर बोलावून सांगतो आणि दोन-तीन दिवसांत दुसऱ्या शहरात हजर व्हायचं, नवीन कॅचर, नवीन खुणा, लॉकरवर नाव लावलेलं, जर्सी टांगलेली, आणि त्याच रात्री फोन वाजू शकतो.

एवढ्या टीम म्हणजे हा कोणालाच नको होता असं कोणी म्हणेल तर मला पटत नाही. त्याचे सौदे काय काय झालेत ते बघा. १९९९ च्या शेवटी ह्यूस्टननं मेट्सला माइक हॅम्प्टन दिला, जो त्याच वर्षी २२ मॅच जिंकलेला पिचर होता, सोबत डेरेक बेल दिला, आणि बदल्यात घेतला रॉजर सेडेनो आणि हा पोरगा, ज्याला मेजर लीगमध्ये येऊन एक वर्षही झालं नव्हतं. बेल्ट्रानचं वर सांगितलंच. आणि तो मिळेल त्या दिवशी काम करून देणारा होता म्हणूनच जुलै महिना आला की ज्या टीमला जिंकायची घाई असायची ती ह्याला मागायची. पैसेही त्याला चांगले मिळाले, त्याची कीव करावी असं माझं म्हणणं अजिबात नाही.

२०११ च्या जुलैमध्ये टोरोंटोनं त्याला सेंट लुइसला दिलं, आणि त्या सौद्यात त्याच्याबरोबर कोण होता तर एडविन जॅक्सन, ज्याला टोरोंटोनं त्याच दिवशी शिकागोकडून घेऊन त्याच दिवशी पुढे पाठवलं. हाच जॅक्सन २०१९ मध्ये चौदाव्या टीमकडून खेळला आणि दोतेलचा रेकॉर्ड त्यानं मोडला. दोघं एकाच कागदावर सही होऊन एकाच गावी गेले होते, मला हे अजूनही अद्भुत वाटतं.

सेंट लुइस त्या वेळी स्पर्धेतून बाहेर गेल्यात जमा होती, ऑगस्टच्या शेवटाला प्लेऑफच्या जागेपासून दहा मॅच मागे, आणि सीझनच्या अगदी शेवटच्या दिवशी आत शिरली. मग मिलवॉकीविरुद्धच्या मालिकेत पाचवी मॅच. पाचवी इनिंग, दोन आउट, बेसवर दोन माणसं, समोर रायन ब्रॉन, त्या वर्षीचा लीगचा एमव्हीपी, म्हणजे सर्वोत्तम खेळाडू. स्टार्टर हाइमे गार्सियाला विजय आपल्या नावावर लागायला फक्त एक आउट हवा होता, पण मॅनेजर टोनी ला रुसा चालत मैदानात गेला, बॉल काढून घेतला आणि दोतेलला बोलावलं. दोतेलनं ब्रॉनला स्ट्राइकआउट केला. मॅच तिथेच फिरायची थांबली, आणि नियमाप्रमाणे विजय दोतेलच्या नावावर लागला. माझ्याकडे तेव्हा पहाट होती, लॅपटॉपवर अक्षरं हलत होती फक्त, व्हिडिओ नव्हता, पण तो फोन, ते जॅकेट काढणं, ते चालत येणं मला सगळं दिसत होतं.

वर्ल्ड सिरीज, म्हणजे मेजर लीगची अंतिम मालिका, सेंट लुइसनं टेक्ससविरुद्ध सातव्या मॅचला जिंकली. त्या सातव्या मॅचलाही स्टार्टर कार्पेंटरनंतर बुलपेनमधून आधी आर्थर ऱ्होड्स आला, मग दोतेल. ऱ्होड्सही असाच, २० सीझन, बरोबर ९०० मॅच, आणि ह्याच सीझनला ऑगस्टपर्यंत टेक्ससकडून खेळत होता, त्यांनी सोडलं म्हणून इकडे आला. बेचाळिशीत पहिली वर्ल्ड सिरीज. पेपरांनी डेव्हिड फ्रीसचे फोटो छापले आणि ते बरोबरच होतं, सहाव्या मॅचला त्यानं जे केलं ते कोणीच विसरणार नाही. मला फक्त त्या फोटोच्या मागे, गर्दीत उड्या मारणारे हे दोन म्हातारे पोरगे बघायचे होते.

२०१२ ला डेट्रॉइट, तेरावी टीम. त्याआधीचा रेकॉर्ड १२ टीमचा होता, माइक मॉर्गन, मॅट स्टेअर्स आणि रॉन व्हिलोन तिघांच्या नावावर. २०१३ मध्ये वर्ल्ड बेसबॉल क्लासिक ही देशादेशांतली स्पर्धा त्यानं आपल्या देशाकडून जिंकली, आठपैकी आठ मॅच, एकही न हरता. त्या टीमचा क्लोजर फर्नांडो रॉडनी कमरेला केळं खोचून फिरायचा, त्यांच्याकडचं ते जाडं शिजवून खायचं केळं, आपलं राजेळी केळं असतं ना तसलं. रॉडनीसुद्धा पुढे ११ टीम फिरला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या गावच्या जर्सी घालणाऱ्या ह्या लोकांना तीन आठवडे आपल्या घरची जर्सी मिळाली, आणि ती घालून ते एकदाही हरले नाहीत. त्याच वर्षी दोतेलची मेजर लीगमधली शेवटची मॅच झाली. हिशोब ९५१ इनिंग, ११४३ स्ट्राइकआउट, १०९ सेव्ह. इनिंगपेक्षा स्ट्राइकआउट जास्त, आणि हे एक-दोन वर्षांचं नाही तर १५ वर्षांचं गणित आहे.

७ एप्रिलच्या रात्री बारा वाजून गेल्यावर, म्हणजे ८ तारीख लागल्यावर, जेट सेट क्लबमध्ये रुबी पेरेझ ह्यांचा मेरेंगे गाण्याचा कार्यक्रम चालू होता, सोमवारी रात्री तिथे नाचायला जायची त्या शहराची जुनी पद्धत होती. छत खाली आलं. सव्वादोनशेहून जास्त माणसं गेली, पेरेझ स्वतः गेले. दोतेलला ढिगाऱ्यातून जिवंत बाहेर काढलं होतं, हॉस्पिटलला नेताना रस्त्यात तो गेला. लॉबीतले ते गार्ड आज असतील तर ऐंशीच्या पुढे असतील, त्यांना कोणी सांगितलं असेल का, एवढंच माझ्या डोक्यात दिवसभर येत होतं.

संपादक साहेब, तुमच्याच पेपरनं त्याच्या महिनाभर आधी पद्माकर शिवलकर गेले तेव्हा क्रीडा पानावर किती जीव लावून लिहिलं होतं. ५८९ विकेट आणि भारताची कॅप एकदाही नाही, हे वाचताना माझ्या वडिलांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. म्हणजे अशा माणसांचं मोल तुमच्या लोकांना कळतं. दोतेल लांबचा आहे, खेळ लांबचा आहे, मान्य, पण आज आपल्याकडची किती मुलं ह्यूस्टनला, सेंट लुइसला, डेट्रॉइटला आहेत, त्यांचे आईवडील इथे तुमचाच पेपर वाचतात. निदान नाव छापायला हवं होतं. अजूनही छापता येईल, क्रीडा पानावर एक छोटी चौकट पुरे.

पत्र मोठं झालंय ह्याची कल्पना आहे. जागेसाठी कापायचं झालं तर माझा ह्यूस्टनचा भाग कापा, माझ्या कॉन्ट्रॅक्टचा कापा, वडिलांचा उल्लेखही काढा. पण ही यादी कृपा करून जशीच्या तशी ठेवा: मेट्स, ॲस्ट्रोज, ओकलंड, यांकीज, रॉयल्स, ब्रेव्ह्ज, व्हाइट सॉक्स, पायरेट्स, डॉजर्स, रॉकीज, ब्लू जेज, कार्डिनल्स, टायगर्स. आणि आडनावात ट नाही, त आहे.

आपला,
एक जुना वाचक,
कोथरूड, पुणे